एका छोट्या मोटारीची शुश्रूषा

स्मरणिकेसाठी लेख देताना मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा गुडघेदुखी यांपैकी एखाद्या विषयावर चार हितोपदेशाचे शब्द लिहावेत, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा. मीही ती अनेक वर्षे इमानेइतबारे पाळली. यंदा मात्र संपादकांनी ‘छंदाविषयी लिहा’ असा आग्रह धरला आणि माझी पंचाईत झाली. कारण निवृत्त शल्यचिकित्सक घरातल्या मागच्या खोलीत बसून रिमोटच्या जुन्या मोटारी दुरुस्त करतो, हे आजवर घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि दुर्गदबैलातल्या एका बेअरिंगवाल्यालाच ठाऊक होते. आता हे गुपित छापूनच टाकतो.

या छंदाचा प्रारंभ माझ्या थोरल्या बंधूंपासून, दादापासून झाला. दादा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. १९८६ साली जपानच्या एका बंदरात त्याने ‘तामिया’ कंपनीची ‘हॉर्नेट’ नावाची रेडिओ-नियंत्रित मोटार विकत घेतली. ती तयार मिळत नसे. खोक्यात सुटे भाग, स्क्रू, ग्रीसची नळी आणि चित्रांची एक पुस्तिका असे. जहाजावरच्या मोकळ्या संध्याकाळी दादाने ती जोडली आणि सुट्टीवर धारवाडला घेऊन आला. मालमड्डीतील आमच्या घरासमोर तांबड्या मातीत ती पहिल्यांदा धावली, तेव्हा गल्लीतली पोरेच काय, संध्याकाळी फिरायला निघालेले वडीलधारेही थबकले होते. चाळीस सेंटिमीटरची ती मोटार ताशी पंचवीस-तीस किलोमीटर वेगाने धूळ उडवीत निघाली, की तिच्यामागे पळणाऱ्यांची दमछाक होई. हे सारे सुख दहाच मिनिटांचे. मग बॅटरी संपे. जपानचा चार्जर शंभर व्होल्टचा, म्हणून दादाने एक वजनदार ट्रान्सफॉर्मरही आणला होता. चार्जिंग रात्रभर आणि गाडी सकाळी दहा मिनिटे, असा तो हिशेब होता.

दादा २००९ साली हृदयविकाराने गेला. धारवाडचे घर २०१८ मध्ये रिकामे करताना माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या चार्टांच्या गुंडाळ्यांखाली, हॉर्नेट सापडली. ट्रंक उघडताच नाकाला जाणवला तो जुन्या रबराचा वास. मोटारीचे टायर तडकले होते, वजनाने खालून चपटे झाले होते. पुढच्या एका चाकाचा आस वाकला होता. वरच्या पारदर्शक कवचाला पुढच्या बाजूने चार बोटे लांब भेग गेली होती. आणि बॅटरी गाडीतच राहून गेली होती.

येथे वैद्यकमित्रांनी थोडे थांबावे, कारण जुन्या विद्युत खेळण्यांचा खरा शत्रू हाच असतो. त्या काळच्या ७.२ व्होल्टच्या संचात निकेल-कॅडमियमचे सहा घट असत. त्यांतील द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे तीव्र अल्कली. तो वर्षानुवर्षे झिरपतो, पांढरी बुरशी आल्यासारखा जमतो आणि तारेच्या प्लास्टिकखालून रांगत पुढे जाऊन तांबे काळे करून टाकतो. अशा तारेला डाख बसत नाही, ती कापूनच टाकावी लागते. सांधे मात्र पातळ व्हिनेगरने पुसून, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करता येतात. परंतु ट्रान्समीटरमध्ये साधे झिंक-कार्बनचे पेन्सिल सेल फुटले असतील, तर तेथील गळती आम्लधर्मी असते आणि तिला खाण्याचा सोडा लागतो. आधी निदान, मग उपचार! डोळ्यांवर चष्मा हवाच. अल्कली आम्लापेक्षा बुबुळात खोल शिरते, हे आपल्या नेत्रतज्ज्ञांना सांगायला नको. कॅडमियमविषयीही तेच. जपानच्या तोयामा प्रांतातील जिंझू नदीकाठी ‘इताइ-इताइ’ या हाडे ठिसूळ करणाऱ्या व्याधीचे मूळ खाणीतून आलेले कॅडमियम आहे, हे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. तेव्हा असे जुने घट कचऱ्यात किंवा परसात टाकू नयेत, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावेत.

थोडा इतिहास. तारेवाचून दुरून हालचाल घडविण्याची कल्पना आपल्याकडे नवखी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात विद्युत्-चुंबकीय लहरींनी दूरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखविली होती. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी छोटी बोट लोकांपुढे आणली. मोटारीची पाळी पुष्कळ उशिरा आली. १९६६ मध्ये इटलीतील ‘एल-जी’ या कंपनीची फेरारी बाजारात आली, ती या प्रकारातील पहिल्या गाड्यांपैकी मानली जाते. सामान्य माणसाच्या हाती हा खेळ दिला तो मात्र जपानमधील शिझुओका शहराच्या तामियाने. १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून निघालेली ही कंपनी पुढे लाकडी आणि मग प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. संस्थापकांचे चिरंजीव शुन्साकू तामिया यांनी पोर्शच्या प्रतिकृतीसाठी मापे अचूक यावीत म्हणून खरीखुरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली, आणि पुन्हा जोडण्यासाठी जाणकार बोलवावे लागले! त्या प्रतिकृतीला विजेची मोटर आणि रेडिओ बसवून १९७६ मध्ये त्यांची पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी निघाली. मग मातीत धावणाऱ्या ‘बग्गी’ आल्या : १९७९ ची ‘सँड स्कॉर्चर’, १९८३ ची ‘फ्रॉग’, १९८४ च्या ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’. शुन्साकू तामिया जुलै २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी निवर्तले. ती बातमी वाचली, त्या दिवशी मी दिवसभर हॉर्नेटची पुस्तिका चाळत होतो.

ती पुस्तिका म्हणजे शरीरशास्त्राचा ॲटलासच. प्रत्येक भागाला क्रमांक, प्रत्येक स्क्रूची खऱ्या मापाची आकृती. गाडीत ग्राहक यंत्र वेगळे, सुकाणू फिरविणारा सर्व्हो वेगळा, वेग नियंत्रित करणारा भाग वेगळा, मोटर वेगळी. त्यामुळे एकेक अवयव तपासून दोष शोधता येतो. हल्ली दुकानात मिळणाऱ्या स्वस्त रिमोटच्या गाडीत हे सारे एकाच पट्टीवर एकवटलेले असते आणि ती मेली, की नातवंडांची समजूत घालण्याखेरीज इलाज उरत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची गाडी आज उभी राहते, याचे कारण ती कुणीतरी पुन्हा उघडणार हे गृहीत धरूनच बनविलेली होती.

माझी पहिली चूक लगेच सांगून टाकतो. हॉर्नेटचे कवच पॉलिकार्बोनेटचे, पारदर्शक असते आणि रंग आतल्या बाजूने देतात. वरून ओरखडे पडले, तरी रंग शाबूत राहतो. कवचावरचा जुना चिकटा काढण्यासाठी मी घाईने ॲसिटोनचा बोळा फिरविला. क्षणार्धात त्या जागी दोन रुपयांच्या नाण्याएवढे पांढुरके सारे धरले. मोतीबिंदूच म्हणा. तो अद्याप तसाच आहे. साध्या साबणाच्या पाण्याने जे झाले असते, त्यासाठी मी रसायन वापरले होते. विद्यार्थ्यांना ‘अगोदर अपाय करू नका’ असे शिकविण्यात ज्याची पस्तीस वर्षे गेली, त्याने हे करावे!

वाकलेल्या आसासाठी मी रेल्वे वर्कशॉपमधील एका निवृत्त टर्नरकडे गेलो. हुबळीचे हे वर्कशॉप ‘सदर्न मराठा रेल्वे’च्या काळापासूनचे, त्यामुळे लेथवर हात बसलेली माणसे आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनी आस चष्म्याजवळ नेऊन न्याहाळला आणि म्हणाले, “हे आटिगी सामान नव्हं री, डॉक्टरसाहेब, हे मशीन आहे.” दोन दिवसांत पोलादाचा नवा आस तयार झाला. पैसे विचारले तर, “गाडी पळाली की दाखवायला आणा,” एवढेच म्हणाले. गिअरबॉक्समधील झिजलेल्या बुशांच्या जागी पाच बाय अकरा बाय चार मिलिमीटरची बेअरिंगे बसविली, आणि दुर्गदबैलाशी माझी मैत्री जडली ती अशी.

टायर आणि दातेरी चाकांसाठी मात्र परदेशावरच अवलंबून राहावे लागते. सुदैवाने कंपनीने २००४ मध्ये हॉर्नेट आणि २००५ मध्ये ग्रासहॉपर पुन्हा बाजारात आणल्या, त्यामुळे सुटे भाग मिळू लागले. दर मात्र सोसवत नाहीत. आपल्याकडे खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाले, २०२३ मध्ये ७०. चन्नपट्टण, किन्नाळ आणि सावंतवाडीच्या कारागिरांना त्याचा आधार मिळत असेल, तर माझी तक्रार नाही. पण चार टायरांचे पुडके सोडवून घेताना हे औदार्य टिकवणे जड जाते खरे.

या पुनर्निर्मितीमुळेच आमच्या घरात एक पेच उभा राहिला. दादाचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याने हौसेने नव्या हॉर्नेटचे कोरे कवच आणि स्टिकर मागविले आणि फोन केला, “काका, हेच बसवा ना. बाबांची गाडी पुन्हा पहिल्यासारखी दिसेल.”

“पहिल्यासारखी म्हणजे कशी रे? खोक्यावरच्या चित्रासारखी, की बाबांनी रंगवली होती तशी?”

तो गप्प झाला. खोक्यावरच्या चित्रात हॉर्नेट काळी आहे. दादाने ती निळी रंगविली होती. जहाजावर जो रंग मिळाला असेल तो. उजेडात कवच धरले, की आतून ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसतात. डाव्या बाजूला रंगात ब्रशचा एक केसही अडकला आहे.

जुन्या गाड्या जमविणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक पंथ गाडी कोऱ्यासारखी करून काचेच्या कपाटात ठेवतो. अशा गाडीला या मंडळींत ‘शेल्फ क्वीन’ म्हणतात, म्हणजे फळीवरची महाराणी. दुसरा पंथ म्हणतो, गाडी धावण्यासाठी आहे, धावू द्या, मोडली तर पुन्हा जोडू. मी दुसऱ्या पंथाचा. पण त्यालाही एक अडचण आहे. धावणाऱ्या गाडीचे भाग झिजतात, आणि भाग बदलत गेलो तर दादाची म्हणावी अशी गाडी उरते किती?

बराच विचार करून मी एक भेद केला. जे झिजण्यासाठीच बनले होते, ते निःशंक बदलायचे : टायर, बुश, बॅटरी, तारा. जुना वेगनियंत्रक सर्व्होच्या जोरावर तांब्याच्या पट्ट्यांवर सरकतो आणि त्याचा रोधक बोट भाजेल इतका तापतो. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसविला. सत्तावीस मेगाहर्ट्‌झच्या जुन्या रेडिओला क्रिस्टलची जोडी लागे आणि दोघांचे क्रिस्टल सारखे निघाले, की एकाची गाडी दुसऱ्याच्या आज्ञेत जाई. तोही काढून २.४ गिगाहर्ट्‌झचा घातला. बॅटरी निकेल-मेटल-हायड्राइडची घेतली. लिथियमच्या जोरदार बॅटरीचा मोह टाळला, कारण म्हाताऱ्या गिअरांना तरुण हृदय मानवत नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग मात्र चिठ्ठी लावून डब्यात ठेवला आहे. कुणाला उद्या वाटले, तर सारे पूर्ववत करता येईल. कवच मात्र बदलायचे नाही.

भेगेवर उपचार केले ते असे. तिच्या टोकाशी हातड्रिलने एक मिलिमीटरचे गोल छिद्र पाडले. भेगेच्या अणकुचीदार टोकावर ताण एकवटतो म्हणून ती पुढे सरकते. गोल कडेवर तो विभागला जातो. मग आतून, भिंतीच्या तड्यांवर लावतात ती फायबरची जाळीदार पट्टी ठेवून, चपलांच्या दुरुस्तीचा, वाळल्यावरही लवचिक राहणारा गोंद भरला. या वेळी आधी टाकाऊ तुकड्यावर प्रयोग करून पाहिला, हे सांगणे न लगे.

पुतण्याचे कोरे कवचही वाया गेले नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मुलीला घेऊन आला, तेव्हा तिघांनी मिळून ते कातरले आणि आतून निळे रंगविले. रोजची धाव आता त्याच्यावर असते. मैदानाची निवड मात्र जपून करावी लागते. हुबळीच्या काळ्या मातीत पावसानंतर गाडी नेली, की चाकांचे लाडू वळतात. म्हणून आम्ही वीस किलोमीटर दूर धारवाडला, तांबड्या मुरमाच्या मैदानावर जातो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, “काका, एकदा बाबांचे कवच लावून पळवू या.” मी नको म्हणणार होतो. टर्नरकाकांनाही मुद्दाम बोलावून घेतले होते, ते कट्ट्यावर बसून पाहत होते. नातीच्या हाती ट्रान्समीटर दिला. दोन फेऱ्या सुरेख झाल्या. तिसऱ्या वळणावर गाडी दगडावर चढून उलटली आणि टपावर घसरत गेली. कुणी काही बोलेना. मी जाऊन उचलली, उजेडाकडे धरून पाहिली. निळ्या रंगावर नवे ओरखडे होते. भेग छिद्रापाशीच थांबली होती. नातीने विचारले, “आजोबा, बॅटरी आहे का अजून?”