लहान शाळांचा संघ

डोंगराळ मुलखातल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग बहुधा एकत्रच बसतात. दोघांपैकी गुरुजी तालुक्याच्या सभेला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, की मागे राहिलेल्या बाईंनी फळ्याचे खडूने चार भाग पाडावयाचे, पहिलीला अक्षरे गिरवावयास लावून चौथीला भागाकार घालावयाचा आणि मध्येच पोषण आहाराच्या तांदळाची नोंद करावयास उठावयाचे, हा तिथला नित्यक्रम. अशा शाळेला अल्प पटापेक्षाही अधिक जाच होतो तो एकाकीपणाचा.

त्यावरचा उपाय जुनाच आहे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली सादर केलेल्या अहवालात, एका उच्च प्राथमिक शाळेभोवती परिसरातील आठ-दहा कनिष्ठ प्राथमिक शाळा गुंफून त्यांचे संकुल करावे, अशी शिफारस केली. आणि आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभागी झालेले, खेड्यातली शाळा जवळून जाणणारे गृहस्थ होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीच कल्पना, ती अमलात न आल्याची कबुली देत, पुन्हा मांडली.

महाराष्ट्राने मात्र १९९४ पासून साधारण दहा शाळांमागे एक केंद्रशाळा आणि एक केंद्रप्रमुख अशी रचना उभी केली. रचना उत्तम होती. परंतु माहितीचे तक्ते वरून खाली आणि खालून वर पोचविण्यातच केंद्रप्रमुखाचा दिवस सरू लागला, आणि दरमहाची शिक्षण परिषद पुष्कळ ठिकाणी परिपत्रकांच्या वाचनापुरती उरली. जिथे तसे झाले नाही तिथले दृश्य मनोहर आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापन एकत्र अंगीकारले. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे एक दशक. तेव्हा तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या पुढ्यात मांडून पहिलीतले मूल चौतीस ही संख्या हाताने घडविते. ती पद्धत पाहावयास राज्यभरचे शिक्षक तिथे गेले. एका शाळेची युक्ती दुसरीने उचलावी आणि दुसरीची अडचण पहिलीने सोडवावी, याहून संघाचा निराळा अर्थ तो कोणता?

२०२३ साली वीस किंवा त्याहून कमी पटाच्या चौदा हजारांवर शाळांच्या संदर्भात पुढे आलेली समूह शाळेची योजना या संघभावनेशी विसंगत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तीत लहान शाळा मिटवून मुले वाहनाने मोठ्या शाळेत न्यावयाची असतात. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरचे अंतर ठरविले, त्यामागे सहा वर्षांच्या मुलाच्या पायांचा विचार होता. आषाढात ओढ्याला पाणी आले की वाहन अलीकडे थांबते, आणि आधी घरी राहतात त्या मुली.

शाळा जागच्या जागी ठेवूनही पुष्कळ साधता येईल. गुरुजी रजेवर किंवा सरकारी कामावर असता धावून जाणारा एक जादा शिक्षक केंद्रापाशी असावा, चित्रकला आणि संगीताचे शिक्षक वारांची वाटणी करून सर्व शाळांत फिरावेत, प्रयोगसाहित्याची पेटी आणि ग्रंथालय आळीपाळीने हिंडावे, आणि सादिल खर्चाची एक लहानशी रक्कम केंद्रातील मुख्याध्यापकांनी एकत्र बसून, वरची मंजुरी न मागता, वापरावी. हे अधिकार केंद्राला देणे जिल्हा परिषदांच्या आणि शासनाच्या हाती आहे. त्यांनी निदान प्रत्येक तालुक्यातले एक केंद्र येत्या जूनपासून तरी असे चालवून पाहावे आणि तोवर कमी पटाची एकही शाळा मिटवू नये.