उन्हात बंद पडणारी पद्मिनी

मे महिन्याची दुपार. भाईंदरच्या इंद्रलोक भागातून निघालेली प्रीमियर पद्मिनी गोल्डन नेस्ट सर्कल सहज ओलांडते. पुढे मेट्रोच्या खांबांना लागून काशिमिऱ्याकडे सरकणाऱ्या रांगेत ती अडकते, दोन-चार झटके खाते आणि बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. अर्ध्या तासाने मात्र पहिल्याच चावीला सुरू! दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये नेली तर दोष कुठेच दिसत नाही. मग अंदाजाने प्लग बदलतात, कार्ब्युरेटर खोलतात, नवी कॉईल बसवतात, आणि पुढच्या उन्हात पुन्हा तेच.

हा दोष गाडी गरम असेपर्यंतच हजर असतो. म्हणून पुरावा गोळा करायचा तो रस्त्याच्या कडेला, त्या पंधरा-वीस मिनिटांत. थंड गाडीवर केलेली तपासणी इथे जवळजवळ वाया जाते, असं माझं ठाम मत आहे.

आधी गाडीची रचना डोळ्यांसमोर आणू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, पेट्रोलची टाकी मागे. टाकीतलं पेट्रोल इंजिनला बसवलेला पडद्याचा पंप ओढून घेतो. त्या पंपाला कॅमशाफ्ट हलवतो. ठिणगीसाठी कॉईल, डिस्ट्रिब्युटर आणि त्यातले सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट व कंडेन्सर. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, मुंबईच्या रस्त्यांवरून या टॅक्स्या गेल्या. आता ही गाडी उरली आहे ती हौशी मालकांकडे. रोज दहा पद्मिन्यांचा आवाज ऐकणारे मेकॅनिक कमी होत चालले आहेत, त्यामुळे मालकालाच थोडं शिकून घ्यावं लागतं.

बंद पडताना गाडीने काय केलं, हा पहिला पुरावा. चावी फिरवून बंद करावी तशी एका क्षणात गप्प झाली, तर संशय करंटवर. आधी जोर गेला, झटके बसले, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढेना आणि मग थांबली, तर संशय पेट्रोलवर. हा नियम शंभर टक्के खरा नाही, पण तपासाची दिशा त्याने बहुतेक वेळा बरोबर मिळते. थांबल्यावर चावी ‘ऑन’ ठेवू नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉईलमधून करंट वाहत राहतो आणि ती आणखी तापते.

आता टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत शिरली आणि लगेच गाडी सुरू झाली, तर टाकीचं हवेचं छिद्र बुजलेलं असणार. पेट्रोल जातं तशी हवा आत यायला हवी. ती आली नाही की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. याचा उन्हाशी संबंध नसतो, पण तासभर चालल्यावर गाडी थांबते म्हणून लोक उन्हाला दोष देतात.

मग करंट. पेट्रोलची कुठलीही नळी सोडण्याआधी ही तपासणी उरकायची, म्हणजे ठिणगीजवळ वाफ नसेल. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली वायर काढून, तिचं टोक इन्सुलेटेड पक्कडीने इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर कॉईल आणि कंडेन्सर बहुधा ठीक. पिवळट, बारीक ठिणगी आली किंवा काहीच आलं नाही, तर दोष इथेच. तापल्यावर कॉईलच्या आतली तार किंवा तिचं आवरण दगा देतं आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतं. कंडेन्सरचंही तसंच, तो कमजोर झाला की पॉइंटवर ठिणग्या उडतात आणि पॉइंट काळे पडतात. कंडेन्सर स्वस्त आहे, डिकीत एक जादा ठेवावा. मल्टिमीटर असेल तर कॉईलचा रोध गरम असतानाच मोजा. तांब्याचा रोध तापल्यावर थोडा वाढणारच. मीटरने तार तुटल्याचं दाखवलं तर मात्र निकाल लागला.

करंट चांगला असेल तर मधली वायर जागेवर बसवा, चावी बंद करा आणि एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. हाताने अ‍ॅक्सिलरेटरची कांडी ओढली की आत पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. इथे दोन अगदी उलट गोष्टी घडू शकतात आणि त्यांची गल्लत फार होते.

धारच आली नाही, तर कार्ब्युरेटर कोरडा आहे. पेट्रोल अनेक घटकांचं मिश्रण असतं. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. रांगेत उभ्या गाडीचा पंखा हळू फिरतो, समोरून वारा नसतो, आणि इंजिन पेट्रोल इतकं थोडं घेतं की ते नळीत रेंगाळत तापत राहतं. त्यात टाकी ते पंप हा भाग ओढीचा. तिथे दाब कमी, म्हणून उकळी आणखी लवकर. वाफेचा बुडबुडा पंपात शिरला की पिचकारीत हवा अडकल्यासारखं होतं: दांडा हलतो, धार येत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकत, तो यासाठीच. तीच आपली चाचणी: पंप थंड झाल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष वाफेचा. फडका फक्त पंपावर आणि नळीवर. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी ओतू नये, ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. त्याच वेळी कॉईलवरही फडका टाकलात तर गाडी कशाने सुरू झाली ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट थंड करा.

धार भरपूर आली, पेट्रोलचा वास सुटला आणि प्लग काढल्यावर ओले निघाले, तर पेट्रोल जास्त झालं आहे. बंद इंजिनात पाणी फिरत नाही, उष्णता वर चढते, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली सांडतं. पेट्रोल भरायला पाच मिनिटं बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, ती बहुधा यामुळे. चोक अजिबात ओढू नका. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. हवा जाऊन इंजिन मोकळं होतं.

या सगळ्या वेळी आग विझवायचं सिलिंडर हाताशी आणि आसपास सिगारेट पेटवणारं कुणी नको.

निदान झालं की उपाय साधे असतात. वाफेसाठी नळी मॅनिफोल्डपासून दूर घ्यायची, मध्ये पत्र्याचा आडोसा द्यायचा. पेट्रोल सांडत असेल तर कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारं जाड पॅकिंग घालायचं आणि फ्लोटची पातळी नीट करायची. दोन्हीसाठी रेडिएटर साफ आणि पंख्याचा पट्टा ताणलेला. एक नवी बाब मात्र जुन्या पुस्तिकेत सापडणार नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला आलं आणि २०२५ मध्ये ते देशभर रुळलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, आणि जुनं रबर त्यात फुगतं किंवा चिरतं. पंपाचा चिरलेला पडदा थंडीत कसाबसा काम करतो, उन्हात वाफेपुढे हरतो. म्हणून वाफेचा दोष पक्का झाल्यावर आधी पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, मग पत्र्याचा आडोसा कापायला घ्या.