लहान हात आणि येणारा चेंडू

दुसऱ्या इयत्तेतील मुलाकडे चेंडू टाकला असता ते ऐन वेळी डोळे मिटते, मान फिरवते आणि दोन्ही हात छातीशी ओढून घेते. या हालचालीला पुष्कळ शिक्षक भित्रेपणा म्हणतात. परंतु वेगाने अंगावर येणाऱ्या वस्तूपासून चेहरा वाचवणे ही शरीराची उपजत तजवीज असल्यामुळे तिच्यावर रागावण्यात काही हशील नाही. त्या तजविजीची गरजच भासू नये असा चेंडू मुलाच्या हाती देणे, हे क्रीडाशिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

यामागचा हिशेब साधा आहे. सीझनचा चेंडू नियमानुसार १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदाला १० मीटर वेगाने येत असता ताठ हातांनी २ सेंटिमीटर अंतरात थांबवला, तर तळव्यांवर सरासरी ४० किलो वजनाइतका भार पडतो. तोच हात मागे नेत २० सेंटिमीटर अंतरात थांबवला, तर हा भार ४ किलोंवर येतो. आणि चेंडू सुमारे ५८ ग्रॅमचा, टेनिसचा असेल, तर दीड किलोंच्या आसपास. 'हात सैल सोड' या पिढ्यान्‌पिढ्या दिल्या जाणाऱ्या सूचनेत गतिशास्त्राचा एवढा अर्थ सामावलेला आहे. तेरा वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू योजून क्रिकेटच्या नियमांनीही ही गोष्ट मान्य केली आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना मात्र तोही जडच.

बॅटीची कथा याहून करुण आहे. थोरल्या भावाची सव्वा किलोची बॅट २५ किलोंच्या मुलाला पेलावी लागणे, म्हणजे ७० किलोंच्या प्रौढ गड्याने साडेतीन किलोंची बॅट फिरवण्यासारखेच आहे. तशात लांबी वाढली की फिरवण्याचे कष्ट वजनापेक्षाही झपाट्याने वाढतात. मग खालच्या हाताची पकड घट्ट होते, बॅट आडवी येते आणि ती खोड पुढे वर्षानुवर्षे निघत नाही. खेड्यातील पोरे धोपाटणे घेऊन खेळतात, याची आपण उगाच कीव करतो. ते त्यांच्या मनगटांना झेपते, हा केवढा मोठा गुण आहे!

'चेंडूवर नजर ठेव' हा उपदेश मात्र थोडा तपासून घेतला पाहिजे. इंग्लंडमधील लँड आणि मॅक्लाऊड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून २००० साली दाखवून दिले, की फलंदाज चेंडू सुटताना पाहतो आणि मग त्याची नजर टप्पा पडण्याच्या जागी चेंडूच्या आधीच झेप घेते. तयार फलंदाजाची ही झेप अधिक लवकर होते. म्हणून मुलाला 'टप्पा कुठे पडेल?' असे विचारावे, चेंडू खालच्या हाताने आणि सावकाश टाकावा, आणि २० मीटरांची खेळपट्टी निम्म्यावर आणावी.

उंच झेलाचे रहस्य तर मला अत्यंत विलोभनीय वाटते. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडले, की चेंडू नजरेत ज्या गतीने वर चढतो तिच्यावरून धावण्याची दिशा कळते: चढण्याची गती वाढत गेली तर चेंडू डोक्यावरून जाणार, तेव्हा मागे सरावे, मंदावत गेली तर तो अलीकडे पडणार, तेव्हा पुढे धावावे. आठ वर्षांच्या मुलाला यातील गणित सांगण्याचे कारण नाही. त्याला पुढेमागे पडणारे झेल पुष्कळ द्यावेत, म्हणजे त्याचे पाय ते आपोआप शिकतात. बाउरल गावी पाण्याच्या टाकीखालच्या विटांवर गोल्फचा चेंडू आपटून तो स्टंपने टोलवणाऱ्या लहानग्या ब्रॅडमनला तरी कोण शिकवीत होते?

तेव्हा प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, की यंदाच्या क्रीडासाहित्याच्या मागणीपत्रकातून सीझनचा चेंडू वगळावा आणि त्याऐवजी टेनिसचे एक डझन चेंडू व मुलांच्या मापाच्या दोन हलक्या बॅटी मागवाव्यात.