ब्रेक ‘फेल’ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

घाटात ट्रक उलटला की बातमीतलं एक वाक्य ठरलेलं असतं: ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला. चालक तेच सांगतो आणि मालकालाही ते सोयीचं असतं, कारण यंत्रावर ढकललं की पुढचे प्रश्न थांबतात. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने एकामागोमाग एक गाड्या ठोकरल्या, तेव्हाही आधी ब्रेक फेलचीच चर्चा झाली. प्राथमिक तपासात निघालं ते वेगळंच. डिझेल वाचवायला चालकाने कात्रजच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती.

‘हवा संपली की ब्रेक संपला’

खरं तर उलट आहे. ट्रकच्या मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरमध्ये एक दणकट स्प्रिंग असते. टाकीतली हवा ती दाबून धरते, म्हणून चाक मोकळं फिरतं. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाक धरून ठेवते. रात्रभर उभ्या गाडीची हवा उतरली असेल तर सकाळी प्रेशर भरेपर्यंत ती जागची हलत नाही, ते याचमुळे.

या विचाराचं मूळ रेल्वेत आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकी संशोधकाच्या १८६९ च्या ब्रेकमध्ये नळीत हवा भरली की ब्रेक लागायचा. नळी फुटली तर हातात काहीच उरत नसे. १८७२ मध्ये त्याने गणित फिरवलं: नळीतला दाब उतरला की ब्रेक आपोआप लागला पाहिजे.

म्हणजे हवा गेली तर गाडी थांबते, पण तुम्हाला हवं तिथे आणि हवं तसं नाही. पावसात, वळणावर मागची चाकं एकदम जाम झाली तर गाडी घसरते. ही वेळ येऊ नये म्हणून बझर आणि लाल दिवा असतो. एरवी हवेच्या दाबाचा काटा ७-८ बारच्या आसपास असतो, तो साधारण ४-५ बारवर उतरला की बझर वाजतो. त्या वेळी टाकीत गाडी नीट थांबवण्यापुरती हवा असते. बझर ऐकत पुढचा ढाबा गाठायचा म्हणणारे ती हवा फुकट घालवतात. हॅझर्ड लावायचा, गाडी डावीकडे घ्यायची, गिअर एकेक उतरवायचा आणि ब्रेक एकदाच, घट्ट, सलग दाबायचा.

पाय सारखा वरखाली करायचा नाही. पंप मारण्याची सवय तेलाच्या ब्रेकवरून आलेली. तिथे पंप मारला की बसलेलं पेडल वर येतं. इथे पाय उचलला की ‘फुस्स’ होतं ना, ती वापरलेली हवा बाहेर जात असते. दर वेळी नवी हवा खर्च, आणि टाकी तेवढी रिकामी.

‘ब्रेक गेला तर पायाला कळतं’

तेलाच्या ब्रेकमध्ये कळतं. हवेच्या ब्रेकमध्ये पायाखाली जो जोर लागतो तो पेडलच्या व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंगचा. चाकाशी काय चाललंय ते पायापर्यंत पोचतच नाही. चाकाचा ड्रम तापून त्यावर दाबले जाणारे लायनर घसरत असले तरी पेडल नेहमीसारखंच लागतं.

आणि घाटात बहुतेक वेळा होतं ते हेच. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. साडेअठ्ठावीस टनांचा दहाचाकी ट्रक घ्या. या उतरणीत त्याची जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात ४०० लिटरहून जास्त पाणी उकळेल. थोडी टायर आणि वारा खातात. उरलेली इंजिनने रोखली नाही तर सगळी ड्रममध्ये जाते. तापलेला ड्रम फुगतो, लायनरपासून दूर सरकतो. चेंबरच्या दांड्याला आता जास्त लांब जावं लागतं, आणि लायनर-ड्रममधलं अंतर जुळवणारा स्लॅक ॲडजस्टर आधीच ढिला असेल तर दांड्याची धाव संपते. काटा ८ बार दाखवत असतो, बझर गप्प असतो, गाडी मात्र थांबत नाही. याला ब्रेक फेल म्हणतात. हवा बिचारी शाबूत असते.

‘न्यूट्रलला डिझेल वाचतं’

गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर चाकंच इंजिनला फिरवतात आणि इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. इंजिन बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होतं, एक्झॉस्ट ब्रेकही जातो.

‘वेग वाढला तर गिअर टाकू’ हा त्याहून घातक भरवसा. वेग एकदा चढला की खालचा गिअर बसत नाही, आणि आहे तो काढला तर गाडी न्यूट्रलला अडकते. म्हणून गिअर उताराच्या तोंडाशीच टाकायचा. मग वेग, समजा, चाळीसला पोचला की ब्रेक जोरात दाबून तिशीपर्यंत आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हे पंप मारणं नव्हे: मधल्या वेळात गाडी इंजिनने धरलेली असते आणि ड्रम थोडे निवतात.

‘हँडब्रेक आहेच की’

हँडब्रेक म्हणजे तीच स्प्रिंग, तेच लायनर, तोच तापलेला ड्रम. लायनर जळत असतील तर त्यानेही फार फरक पडत नाही. वापरायचाच तर दांडा हळूहळू ओढायचा. बऱ्याच गाड्यांत तो टप्प्याटप्प्याने ब्रेक लावतो.

जळका वास आला तर सपाट जागी थांबायचं, चाकांना दगड लावायचे आणि वाट बघायची. क्लीनर बादली घेऊन धावतो, त्याला आवरावं. लाल झालेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलं की तो तडकतो.

‘स्प्रिंग जाम झाली तर बोल्ट कसून चला’

चेंबरच्या मागचा, स्प्रिंग दाबून धरणारा बोल्ट बंद गाडी ओढून नेण्यापुरता आहे. तो कसून माल पोचवायला निघालेल्या गाडीला हँडब्रेकही नसतो आणि हवा गेल्यावर धरणारी स्प्रिंगही. चेंबर रस्त्यावर उघडण्याचा प्रयत्न तर अजिबात नको. आतली स्प्रिंग एवढ्या जोराने दाबलेली असते की सुटली तर माणूस जागीच जाऊ शकतो.

बझर चालतो का, ते मात्र कुणीही बघू शकतं. सपाट जागी चाकांना दगड लावा, इंजिन बंद पण चावी चालू ठेवा, पेडल पुन्हापुन्हा दाबून काटा खाली आणा. इथे पंप मारायला हरकत नाही. काटा ४ च्या खाली गेला तरी बझर वाजला नाही, तर दुरुस्त होईपर्यंत गाडी लोड करायची नाही.