अँटेनावरचा डिजिटल टीव्ही : कुठे तेजी, कुठे मंदी?

जमिनीवरच्या मनोऱ्यातून निघून घराच्या अँटेनावर येणारा डिजिटल टीव्ही सगळीकडे एकाच तत्त्वावर चालतो. जुन्या एका वाहिनीच्या जागेत अनेक वाहिन्या बसतात आणि पडद्यावर मुंग्या दिसत नाहीत. तरीही काही देशांत तो घरोघरी पोहोचला आणि काही देशांत त्याला गिऱ्हाईकच मिळाले नाही. असे का झाले, याचा विचार माल बनविणाऱ्या व विकणाऱ्या आमच्या वाचकांनी जरूर करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम ब्रिटनचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर १९९८ मध्ये ऑनडिजिटल कंपनीने ही सेवा मासिक वर्गणीवर सुरू केली. समोर उपग्रहावरची मातब्बर स्काय कंपनी होती. ऑनडिजिटलचे चित्र अनेक घरांत अडखळे, बाजारात बनावट कार्डे आली आणि फुटबॉल सामन्यांच्या हक्कांचा ३१ कोटी ५० लाख पौंडांचा करार अंगाशी आला. आयटीव्ही डिजिटल असे नाव बदलूनही २००२ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला बीबीसी व तिच्या भागीदारांनी त्याच लहरींवर 'फ्रीव्ह्यू' आणले. चित्र पक्के केले आणि मासिक वर्गणी काढून टाकली. डबा एकदा विकत घेतला की झाले! लोकांनी ही सेवा उचलून धरली. देश तोच, लहरी त्याच, पण व्यवहार बदलला.

दुसरी गोष्ट म्हणजे घरात आधीपासून काय आहे. इटलीत केबल जवळजवळ नव्हतीच, बहुतेकांचा आधार अँटेना. तिथल्या सरकारने २००४ मध्ये डब्यामागे १५० युरोपर्यंत मदतही दिली. नेदरलँड्समध्ये मात्र बहुतेक घरांत केबल होती. म्हणून डिसेंबर २००६ मध्ये जुने प्रक्षेपण बंद झाले, तेव्हा फारशी ओरड झाली नाही. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक दूरदर्शन संस्थेने तर जून २०१९ मध्ये अँटेनावरचे डिजिटल प्रक्षेपणही थांबविले, कारण ते पाहणारेच थोडे उरले होते.

तिसरी गोष्ट म्हणजे बदलाचा खर्च कोण सोसतो. अमेरिकेने मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद केले. त्याआधी डब्यासाठी ४० डॉलरची कुपने, एका घराला दोनपर्यंत, देऊ केली होती.

आता आपल्या देशाकडे पाहू. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांसह १६ शहरांत ही सेवा सुरू केली. पण तोवर केबल गल्लोगल्ली पोहोचली होती, खासगी डिश होत्या आणि मासिक पैसे न घेणारी दूरदर्शनची स्वतःची डिशसेवा २००४ पासून चालू होती. मग लोकांनी नवा डबा कशासाठी घ्यावा?

ऐंशीच्या दशकात अँटेना विकून पोट भरणाऱ्या आपल्या दुकानदारांना केबल आल्यावर हाच धडा मिळाला. ज्यांनी वेळीच केबल आणि डिश बसविण्याचे काम शिकून घेतले, त्यांची रोजी टिकली. तेव्हा नव्या मालात भांडवल घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: गिऱ्हाइकाच्या घरी आज काय आहे? त्याला एकदाच पैसे द्यावे लागतील की दरमहा? आणि बदलाचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार? माल कितीही उत्तम असो, या तीन प्रश्नांचा हिशेब जुळला नाही, तर तो दुकानात धूळ खात पडतो.