व्यवहार शेवटपर्यंत गेला का?

स्क्रिप्टने बनावट ग्राहक उभा करून ॲप्लिकेशनवर नजर ठेवायचे दिवस संपले, असे हल्ली परिषदांमधून ठासून सांगितले जाते. खऱ्या वापरकर्त्याच्या ब्राउझरमधूनच सगळे आकडे मिळत असताना खोटा ग्राहक हवाच कशाला, असा या मंडळींचा सवाल. २०१२ साली वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने पान उघडायला लागणारा वेळ ब्राउझरमध्येच मोजणाऱ्या ‘नेव्हिगेशन टायमिंग’ला मान्यता दिली, तेव्हापासून हा सूर चढतच गेला. मला तो कधीच पटला नाही. रात्री दोनला नवी आवृत्ती चढवताना लॉगिन मोडले, तर सकाळपर्यंत तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. शिवाय पानच उघडले नाही, तर त्या पानात बसवलेला मोजणारा कोडही चालत नाही. अशा वेळी आलेखावर फक्त शांतता दिसते, आणि सुट्टीच्या दिवशीही ती तशीच दिसते. स्क्रिप्ट मात्र दर दहा मिनिटांनी दार ठोठावते.

इतिहास थोडक्यात आटोपतो. १९९५ साली कॅलिफोर्नियात बाहेरून संकेतस्थळांवर नजर ठेवणारी कीनोट ही कंपनी निघाली, मागोमाग तशीच गोमेझ आली. गोमेझ २००९ मध्ये कॉम्प्युवेअरने घेतली. चाचणीची साधने बनवणारी १९८९ ची मर्क्युरी २००६ मध्ये सुमारे साडेचार अब्ज डॉलरला एचपीकडे, २०१७ मध्ये मायक्रो फोकसकडे आणि २०२३ मध्ये ओपनटेक्स्टकडे गेली. मालक आणि पाट्या बदलल्या, एवढेच.

खरी गोडी होती ती मर्क्युरीच्या व्हीयूजेन या साधनात स्क्रिप्ट लिहिण्यात. नुसते रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालत नाही, कारण सर्व्हर दर वेळी नवा सेशन आयडी देतो आणि रेकॉर्डिंगमध्ये जुनाच अडकलेला असतो. मग उत्तरातला तो आकडा डावी-उजवी खूण पकडून उचलायचा, व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि पुढच्या मागणीत घालायचा. कोरिलेशनचे हे काम किचकट होते, पण ते करताना ॲप्लिकेशन आतून कसे बोलते ते कळायचे. त्याहून मोलाची होती मजकूर तपासणी. ‘क्षमस्व, सेवा उपलब्ध नाही’ हे पानसुद्धा कित्येक सर्व्हर २०० या यशाच्या कोडसह पाठवतात, आणि तेही विजेच्या वेगाने. तपासणी नसलेली स्क्रिप्ट त्या दिवशी विक्रमी वेळ नोंदवते. म्हणून खात्यातली शिल्लक दाखवणारी ओळ पानावर सापडली तरच पायरी पास, हा माझा नियम होता. हाताखालची मुले त्याला कंटाळायची, तरी मी तो सोडला नाही.

स्क्रिप्ट कुठून चालते, हाही माझा जुना आग्रह. एका बँकेच्या तालुक्याच्या शाखा व्हीसॅटवर, म्हणजे उपग्रहाच्या जोडणीवर होत्या. मुंबईच्या डेटा सेंटरमधून चटकन उघडणारा स्क्रीन शाखेत उघडता उघडत नव्हता, आणि मुख्यालय म्हणायचे, ‘आमच्याकडे तर हिरवे दिसतेय.’ आम्ही शाखेतल्याच एका पीसीवर तीच स्क्रिप्ट बसवली. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर. मागणी वर जाऊन खाली यायची आणि उत्तरही त्याच वाटेने, म्हणजे एका फेरीला साधारण अर्धा सेकंद. स्क्रीन एकामागोमाग तीस फायली मागत होता, म्हणजे पंधरा सेकंद नुसत्या प्रवासात. सर्व्हर बिचारा मोकळाच होता. फायली एकत्र केल्या, चित्रे शाखेच्या पीसीवरच साठवली आणि काउंटरवरची रांग हलू लागली. हे निदान डेटा सेंटरच्या कोणत्याही आलेखावरून झाले नसते.

२००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी स्क्रिप्टने ब्राउझर चालवणारे सेलेनियम सुरू केले. २०१८ मध्ये त्यातले वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसीचे अधिकृत मानक झाले, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे त्याच जातीचे प्लेराइट आले. परवान्यासाठी पूर्वी लाखो रुपये मोजावे लागत, ते काम आज कोणताही विद्यार्थी फुकटात करू शकतो. आणि नेमक्या याच काळात स्क्रिप्टा उथळ झाल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुख्य पान उघडले की काम झाले. स्क्रीन बदलला, स्क्रिप्ट पडू लागली, की ती दुरुस्त करायची सोडून अलर्ट बंद!

सगळ्यात मोठी पळवाट ओटीपीची. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरा पडताळा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीचा केला, आणि आज बहुतेक स्क्रिप्टा ओटीपीच्या उंबऱ्यावर थांबतात. पण ग्राहक अडकतो तो तिथेच! संदेश बँकेतून वेळेवर निघतो आणि मोबाइलवर मुदत संपल्यावर पोहोचतो. यावर उपाय आहे. सिमकार्ड घातलेला जीएसएम मोडेम स्क्रिप्टच्या मशीनला जोडायचा, आलेला संदेश तिने वाचायचा, आकडे भरायचे आणि संदेश यायला लागलेला वेळ वेगळी पायरी म्हणून नोंदवायचा. आम्ही हे करत होतो. पुढे डेटा सेंटर हलवताना सुरक्षा विभागाने मोडेमला परवानगी नाकारली आणि स्क्रिप्ट लॉगिनपाशी येऊन थांबली. त्यानंतर ओटीपीच्या तक्रारी पुन्हा ग्राहकांकडूनच कळू लागल्या.

ओटीपीच्या पुढे व्यवहार खरोखर पूर्ण झाला का, हे पाहायला दोन चाचणी खाती उघडावीत, त्यांच्यात एक रुपया इकडून तिकडे फिरवत राहावे आणि दोन्ही उताऱ्यांवर नोंद दिसली तरच दिवा हिरवा करावा, हे मी प्रत्येक बँकेला सांगत आलो. लेखापरीक्षक हरकत घेतात. पण त्या खात्यांना वेगळा प्रॉडक्ट कोड दिला, की अहवालातून ते रुपये गाळता येतात.