परतीची गाडी: वऱ्हाडातील एकदिवसीय रेल्वेप्रवास आणि थायलंडचा अनुभव

सकाळी घरून निघावे, ठरलेले क्षेत्र वा स्थळ पाहावे आणि मुक्काम न करता दिवेलागणीनंतर घरी परतावे, या प्रवासाला एकदिवसीय प्रवास म्हणतात. असा प्रवास जाण्याच्या गाडीपेक्षाही परतीच्या गाडीवर अधिक अवलंबून असतो, कारण जाण्याची गाडी चुकली तर बेत रद्द होतो, पण परतीची गाडीच नसेल तर बेत मुळात आखताच येत नाही. 5 जुलै 1841 रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोपर्यंत दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे खास गाडीने नेली, तेव्हा एका शिलिंगाच्या तिकिटात जाणे आणि येणे हे दोन्ही धरलेले होते. रेल्वेच्या सहलीची कल्पना अशी आरंभापासूनच परतीच्या हमीवर उभी आहे आणि याच कसोटीवर वऱ्हाडातील रेल्वेमार्गांचा विचार होणे अगत्याचे आहे.

कापसाची वाट

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात ज्ञानगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या पिंपळगाव राजा या गावाला स्वतःचे रेल्वेस्थानक नाही. येथील प्रवाशाला मुंबई–नागपूर मुख्य मार्गावरील नांदुरा किंवा त्या मार्गापासून फुटलेल्या फाट्याच्या टोकाचे खामगाव, यांपैकी एक स्थानक गाठावे लागते. ही दोन्ही स्थानके या मुलखाला लाभली ती प्रवाशांसाठी नव्हे, तर कापसासाठी. 1853 मध्ये, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली त्याच वर्षी, निजामाने कर्जफेडीपोटी वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. पुढे 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या कसदार जमिनीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळमार्गे 1867 मध्ये नागपूरला पोचली; मात्र कापसाची मोठी पेठ असलेले खामगाव या मार्गापासून काही कोस दक्षिणेला राहिले.

ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारने जळंब ते खामगाव असा सुमारे 13 किलोमीटरचा फाटा घातला आणि 1870 मध्ये तो व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. फाटा म्हणजे मुख्य मार्गावरील एका स्थानकातून निघून एखाद्या पेठेपाशी संपणारा लहान मार्ग. बडनेऱ्याहून अमरावतीला जाणारा मार्गही याच धर्तीचा आहे. कापसाच्या ज्या गाठी पूर्वी बैलगाड्यांवर लादून घाट उतरत बंदराकडे जात, त्या आता खामगावलाच दाबून, बांधून थेट मुंबईच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागल्या. गाव, पेठ आणि सातासमुद्रापलीकडची गिरणी या तिघांना जोडणारा हा दुवा अवघ्या 13 किलोमीटरचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे लहान मार्गाचे मोल कळते.

गाठींच्या जागी माणसे

मालासाठी घातलेल्या या मार्गांचा खरा उपयोग लोकांनी आपल्या परीने शोधून काढला. लोहमार्ग आल्यानंतर काही वर्षांनी, 23 फेब्रुवारी 1878 रोजी, शेगाव येथे श्री गजानन महाराज प्रकट झाले. 8 सप्टेंबर 1910 रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली. शेगाव हे मुंबई–नागपूर मुख्य मार्गावरचे स्थानक असल्यामुळे समाधीच्या दर्शनाला दुरून येणाऱ्या भाविकाला बैलगाडीचे दिवस मोजावे लागले नाहीत. पश्चिमेकडून येताना नांदुरा, जळंब आणि मग शेगाव असा स्थानकांचा क्रम लागतो. म्हणजे पिंपळगाव राजा परिसरातला माणूस नांदुऱ्याला गाडीत बसला की मधले एक जळंब ओलांडून शेगावला उतरतो, तर खामगावहून फाट्याने निघालेल्या माणसाला जळंबला मुख्य मार्ग गाठून पूर्वेकडे वळावे लागते.

या प्रवासाची एक रीत ठरून गेली आहे. गुरुवारी, दशमी-एकादशीला किंवा श्रीगजाननविजय ग्रंथाच्या एकवीस अध्यायांचे पारायण संपले की कुटुंबातली माणसे पहाटे भाकरी बांधून निघतात, दर्शनबारीत उभी राहतात, समाधीपुढे माथा टेकतात, महाप्रसाद घेतात आणि ऊन कलले की फलाटावर परततात. दिवाळीच्या सुमारास खिडकीतून दोन्ही बाजूंना फुटलेली पांढरीशुभ्र बोंडे, मधून मधून पिवळ्या फुलोऱ्यावर आलेली तूर आणि वेचणीसाठी कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बाया दिसतात. ज्या पिकासाठी लोहमार्ग घातला ते पीक आजही रुळांच्या कडेला उभे आहे. शेगावच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहताना हातात येते ती गरम कचोरी आणि तिच्यासोबत तळलेली हिरवी मिरची. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने येथे रुजवलेल्या या पदार्थाची कीर्ती रेल्वेच्या प्रवाशांनीच गावोगाव नेली. दर्शन, प्रसाद आणि घरच्यांसाठी कागदात बांधून घेतलेली कचोरी, एवढ्या शिदोरीवर हा दिवस पूर्ण होतो.

लहान रुळांचा मुलूख

वऱ्हाडातील रेल्वेजीवन केवळ मुख्य मार्गापुरते नव्हते. दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात. मुख्य मार्गाचे हे अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेज, तर अकोल्यावरून अकोटमार्गे खंडव्याकडे जाणारा मार्ग बरोबर एक मीटर रुंदीचा, म्हणून मीटरगेज होता. मेळघाटच्या जंगलातून जाणाऱ्या या मार्गाने धूळघाटाजवळ चढ चढताना स्वतःलाच वळसा घातला होता. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी शकुंतला त्याहूनही अरुंद, 762 मिलिमीटरच्या रुळांवर सुमारे 189 किलोमीटर धावत असे. तिचे 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन 1990 च्या दशकापर्यंत कामावर होते. या गाड्यांनी खेड्यातल्या माणसाला तालुक्याचा बाजार, दवाखाना, कचेरी आणि लेकीचे सासर एका दिवसात गाठून परत येण्याची सोय दिली होती. यवतमाळ-अचलपूरची शकुंतला थांबली, खंडव्याकडचा मीटरगेज रुंदीकरणासाठी बंद झाला आणि त्यातील अकोला–अकोट हा टप्पा 2022 मध्ये ब्रॉडगेज होऊन पुन्हा सुरू झाला. संथ गाडीलाही स्वतःचे मोल असते, हा विचार मात्र आपल्याकडे फारसा रुजला नाही.

थायलंडचा अनुभव

हा विचार जेथे प्रत्यक्षात उतरला, असा एक देश म्हणजे थायलंड. सयाम या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या देशात राजा चुलालोंगकोर्न यांनी 26 मार्च 1897 रोजी बँकॉक ते अयुथ्या हा सुमारे 71 किलोमीटरचा सरकारी लोहमार्ग खुला केला. अयुथ्या हे नाव आपल्या अयोध्येवरून आलेले. 1350 च्या सुमारास वसलेली आणि 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही राजधानी आज विटांच्या स्तूपांच्या आणि भग्न विहारांच्या रूपाने उरली आहे. बँकॉकहून सकाळच्या साध्या, तिसऱ्या वर्गाच्या गाडीने निघालेला प्रवासी स्थानकाबाहेर येऊन नावेने नदी ओलांडतो, दिवसभर अवशेष पाहतो आणि सायंकाळच्या कोणत्याही गाडीने परततो. ही सोय पर्यटकांसाठी निराळी उभारलेली नाही. रोजच्या प्रवाशांच्या गाड्या दिवसभर ये-जा करतात, म्हणूनच ती शक्य होते.

याखेरीज थायलंडची सरकारी रेल्वे शनिवार-रविवारी खास सहलगाड्या सोडते. कांचनाबुरी मार्गावरील अशी गाडी पहाटे बँकॉकहून निघून नाखोन पथोमच्या भव्य स्तूपापाशी, मग क्वाई नदीच्या पुलापाशी थांबत नाम टोकपर्यंत जाते आणि रात्री परत येते. हा मार्ग म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, 1942-43 मध्ये, जपानी लष्कराने युद्धकैदी आणि आशियाई मजूर यांना राबवून बांधलेल्या 415 किलोमीटरच्या सयाम–ब्रह्मदेश लोहमार्गाचा उरलेला भाग होय. त्यावर मेलेल्या हजारो मजुरांत मलायातील मळ्यांवरून नेलेले तमिळ लोकही होते, हे भारतीय प्रवाशाने विसरू नये. पावसाळा संपून पा साक धरण तुडुंब भरले की हिवाळ्यात जलाशयावरून जाणारी दुसरी एक सहलगाडी निघते. पाण्याच्या मधोमध ती काही वेळ उभी राहते आणि लोक तिला तरंगती गाडी म्हणतात. थायलंडचे हे सारे मार्ग मीटरगेज आहेत. ज्या रुंदीचे रूळ आपण कालबाह्य ठरवले, त्याच रुंदीवर त्या देशाने इतिहास, तीर्थ आणि निसर्ग यांना एका दिवसाच्या वेळापत्रकात बसवले आहे.

वऱ्हाडासाठी बोध

दोन्ही मुलखांची तुलना केल्यास फरक पैशाचा वा रुळांचा नसून वेळापत्रकाच्या दृष्टीचा आहे, असे दिसते. खामगावचा फाटा, शेगावचे समाधिमंदिर, नांदुऱ्याची 105 फुटांची हनुमानमूर्ती आणि दीडशे वर्षांपूर्वीची कापूसपेठ ही सर्व स्थळे एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. त्यांना जोडण्यासाठी जळंबला फाट्याची गाडी आणि मुख्य मार्गावरची पॅसेंजर यांची वेळ जुळणे, सकाळी जाणारी आणि सायंकाळी परतणारी गाडी निश्चित असणे, आणि नांदुरा व खामगाव या स्थानकांवरून पिंपळगाव राजासारख्या गावांकडे जाणारी शेवटची एस.टी. रेल्वेगाडी आल्यानंतरच सुटणे, एवढेच आवश्यक आहे. खामगावपासून दक्षिणेकडे जालन्यापर्यंत लोहमार्ग नेण्याची मागणी या भागात पिढ्यानपिढ्या होत आली आहे आणि ती रास्तच आहे. तथापि नवा मार्ग होईल तेव्हा होईल, असलेला मार्ग लोकांच्या दिवसाशी जुळवणे हे आजच करता येण्याजोगे काम आहे. कापसाच्या गाठीला परत यायचे नव्हते, म्हणून तिच्यासाठी एकेरी वाट पुरेशी होती. माणसाला मात्र घरी यायचे असते; म्हणून रेल्वेने, एस.टी.ने आणि लोकप्रतिनिधींनी एकत्र बसून वऱ्हाडचे वेळापत्रक या परतीच्या गाडीपासून उलटे लिहायला घ्यावे.